न झालेल्या राज्याभिषेकाचं पदक

घरी आलेला पाहुणा काचेच्या कपाटासमोर थबकला की माझ्या पोटात गोळा येतो. पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "अरे वा, एवढी मेडल्स! कशात मिळाली?"

मिळाली नाहीत, विकत घेतली, असं मी सांगतो. त्यावर पाहुण्याच्या चेहऱ्यावर जी करुणा दाटते, ती बघवत नाही. बिचाऱ्याला शाळेत धावण्यातसुद्धा नंबर आला नसणार!

मग मी समजावायला बसतो. ही सरकारी नव्हेत. काही निमित्त झालं की हौशी मंडळी, व्यापारी, गिरणीमालक स्वतःच्या खर्चानं पदकं पाडून घेत. 1897 साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला साठ वर्षं झाली, पाडा पदक. 1911 चा दिल्ली दरबार, पाडा पदक. शेटजींच्या वडिलांची जन्मशताब्दी, पाडा. पाहुणा विचारतो, "म्हणजे नाणी?" नाही हो, किंमत कुठे छापलीय? "मग दागिना? वर कडी आहे की." तेही नाही. "बरं, मोडीत काय येईल?"

मोडीत काहीही येत नाही, हे आमच्या सराफानं मला फार पूर्वीच सांगितलंय. त्यानं एक पदक कसोटीवर घासलं, माझ्या काळजावर ओरखडा उमटला, आणि तो म्हणाला, "पितळ आहे साहेब, वर मुलामा."

पुण्याच्या जुन्या बाजारात, बुधवारी आणि रविवारी, याच्या नेमकी उलट परिस्थिती. तिथे सगळंच अमूल्य. विक्रेता तांब्याची एक चकती पुढे करतो. एका बाजूला मारुती, दुसऱ्या बाजूला 'ईस्ट इंडिया कंपनी, 1818'. कंपनीनं असं नाणं कधी पाडलंच नाही. पुढे कुणीतरी भाविकांसाठी आणि भोळ्यांसाठी हा माल काढला. मी तसं म्हणालो की तो आवाज खाली आणतो : "साहेब, हा तांदूळ खेचतो." तांदूळ खेचणाऱ्या धातूत चमत्कारी शक्ती असते, ही थाप. या 'राइस पुलर'पायी लोकांनी लाखो रुपये घालवलेत, पोलिसांत तक्रारी झाल्यात, तरी आवाज खाली आणायची पद्धत काही बदलत नाही. मी म्हटलं, "मग रेशनच्या रांगेत कशाला उभा राहतोस?" त्यानं भाव दुप्पट केला.

माझं खरं प्रेम मात्र फसलेल्या पदकांवर. सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक 26 जून 1902 ला ठरला होता. दोन दिवस आधी राजाच्या पोटाचं ऑपरेशन करावं लागलं आणि समारंभ 9 ऑगस्टला झाला. पण जूनची तारीख घातलेली पदकं तयार होती, ती तशीच खपवली गेली. आठव्या एडवर्डनं तर कमालच केली. मुहूर्त 12 मे 1937 चा, आणि याने डिसेंबर 1936 मध्येच प्रेमापायी गादी सोडली. पत्रिका वाटून झाल्यावर नवरदेव पळावा, तसं. त्याच मुहूर्तावर धाकटा भाऊ बोहल्यावर चढला आणि कारखानदारांनी चेहरा बदलून नवी पदकं पाडली. आधीची एवढी निघाली होती की आजही स्वस्तात मिळतात. न झालेल्या गोष्टीचं इतकं मुबलक स्मारक दुसरं मला माहीत नाही.

असं एक माझ्याकडे होतं. म्हणजे आहे, पण कपाटात नाही.

दसऱ्याआधी सासूबाईंनी माझ्या नकळत रामटंका, म्हणजे पूजेत ठेवायचा नाण्यासारखा बिल्ला, उचलला. एका बाजूला सिंहासनावर राम-सीता, दुसऱ्या बाजूला धनुष्य घेतलेले राम-लक्ष्मण. तो देवघरात गेला याचं मला फारसं नवल नाही. पण त्यांनी शेजारचा एडवर्डही उचलला. दोन्ही चिंचेनं असे घासले की ऐंशीहून अधिक वर्षांचा काळपट रंग सकाळच्या एका घमेल्यात धुऊन गेला. संग्राहकाला तो रंग म्हणजे सर्वस्व. मी देवघराशी गेलो तेव्हा एडवर्डच्या कपाळावर गंध होतं आणि मुकुटावर झेंडूची पाकळी.

"आई, हा देव नाही. हा इंग्लंडचा राजा. याला राज्याभिषेकसुद्धा झाला नव्हता."

"नव्हता ना?" सासूबाई ताम्हन पुढे ओढत म्हणाल्या. "मग आता रोज होतोय. तुम्ही जरा ते दूध द्या इकडे."