एका पराभवावरून हंगाम ठरवू नका

‘सलामीलाच शून्यावर हरलेल्या संघाकडून यंदा फार अपेक्षा नकोत’ हे आमच्या बेसबॉल संघावरच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. हंगामातल्या १६२ सामन्यांतला हा एक! २०१९ मध्ये वॉशिंग्टन नॅशनल्स सलामीच्या सामन्यात न्यूयॉर्क मेट्सकडून २-० हरले, पुढे १९ विजय आणि ३१ पराभव इतके गाळात रुतले, आणि त्याच वर्षी वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, जिंकले.

शिवाय सलामीला समोरचा संघ बहुधा आपला सर्वांत भारी पिचर (चेंडू टाकणारा) उतरवतो, त्याच्यापुढे धावा आटल्या तर नवल काय? आमच्या फलंदाजांनी स्ट्राइक झोनबाहेरचे (फलंदाजासमोरच्या वैध पट्ट्याबाहेरचे) चेंडू किती संयमाने सोडले ते बघा. गेल्या वर्षी हीच मंडळी त्यांवर बॅट फिरवून बाद व्हायची. मला भरपूर आशा आहे. काळजी वाटते ती बुलपेनची, म्हणजे राखीव पिचरांची, आणि त्याबद्दल लेखात एक ओळही नाही.