बुढी भुलते, म्हणून सीबीसी?

सीबीसीतल्या, म्हणजे रक्तपेशींच्या साध्या मोजणीतल्या, पांढऱ्या पेशींवरून अल्झायमर आधीच कळत असेल तर साठीनंतर सगळ्यांचंच रक्त का तपासू नये, असं विदर्भातल्या गावांतली शिकलेली पोरं विचारतात. घरातल्या मोठ्यांचं उत्तर ठरलेलं: बुढी भुलते, वयच हाय तिचं. मला दोन्ही पटत नाही.

इथे स्वीडनमध्ये विसरण्याची तक्रार घेऊन आलेल्या १,२१३ जणांचा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. अल्झायमरमध्ये वाढणाऱ्या टाऊ प्रथिनाची रक्तचाचणी सुमारे ९१ टक्के अचूक निघाली, प्राथमिक केंद्रातल्या डॉक्टरांचं निदान ६१ टक्के. पण ती चाचणी प्रथिनाची होती, पेशींची नव्हे.

पेशींचा संबंध आहे, पण सैल. न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट हे पांढऱ्या पेशींचे दोन प्रकार; पहिल्या ४,००० आणि दुसऱ्या २,००० असतील तर गुणोत्तर २. ते वाढलेल्यांत पुढे स्मृतिभ्रंश जास्त आढळतो, असं काही अभ्यास सांगतात. मात्र लघवीच्या साध्या संसर्गानेही ते ६-७ वर जातं, आणि त्याच संसर्गाने म्हातारं माणूस दोन दिवसांत बरळू लागतं. म्हणजे रिपोर्टही बिघडलेला आणि डोकंही, तरी अल्झायमर नाही. उपचार झाले की बहुतेकदा दोन्ही ताळ्यावर येतात. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: भुलणं महिनोन् महिने वाढत गेलं, की परवापासून?

सीबीसी जरूर करा, पण वेगळ्या कारणासाठी. बी-१२ जीवनसत्त्व कमी असलं की विसरायलाही होतं आणि लाल पेशीही फुगतात, एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) १०० च्या वर जातो. सोबत लोहही कमी असेल, आणि आपल्याकडे ते सर्रास असतं, तर पेशी लहानही होतात आणि आकडा सरासरीत नॉर्मल दिसतो. त्यामुळे एमसीव्हीवर विसंबू नका, बी-१२ स्वतंत्र मागा. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी घेणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण तिने बी-१२ कमी होतं. उलटही होतं: सीबीसीची जांभळ्या टोपणाची नळी मे महिन्याच्या उन्हात मेळघाटातल्या धारणीहून अमरावतीला पोचेपर्यंत दिवस उलटला, तर पेशी नळीतच फुगतात आणि एमसीव्ही खोटा वाढतो.

बी-१२सोबत टीएसएच (थायरॉइडसाठी), साखर, सोडियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) बघावं. कान आणि मोतीबिंदूही. एवढं ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर मिळालंच पाहिजे, त्यासाठी भांडायला हवं. यातून कारण सापडलं नाही आणि विसरणं वाढतच राहिलं, तर सेवाग्राम किंवा नागपूरला न्यूरॉलॉजिस्टकडे न्यावं. टाऊची चाचणी तिथे ठरवावी. क्रिएटिनिनचा कागद सोबत हवाच, कारण मूत्रपिंड कमजोर असेल तर टाऊ अल्झायमरशिवायही वाढलेलं दिसतं.