नानांचा बॅड सेक्टर

आमच्या देवळातल्या उत्सवी नाटकांचं सगळं चित्रीकरण माझ्या घरच्या एका काळ्या डब्यात असतं. आत चार हार्ड डिस्क, ‘रेड ५’ पद्धतीनं एकत्र बांधलेल्या. एक पात्र ऐन वेळी आलं नाही तर उरलेले तिघे त्याची वाक्यं सांभाळून घेतात, तसा हा कारभार. १९८८ साली बर्कलीच्या तिघांनी रेडवर निबंध लिहिला. त्यांनी फोंड्याचा पावसाळा पाहिला नसावा.

जुलैत विजेचा लपंडाव झाला आणि एक डिस्क गेली. नवी बसवली, रिबिल्ड लावला, म्हणजे उरलेल्या तिघींवरून गेलेलीचा मजकूर नवीवर पुन्हा लिहायला घेतला. खरी गोम इथेच. एरवी जुनं नाटक कोण बघतो? रिबिल्डमध्ये मात्र उरलेल्या डिस्कना पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं वाचून दाखवावं लागतं. काल डिस्कच्या तब्येतीच्या ‘स्मार्ट’ अहवालात ‘पेंडिंग सेक्टर’समोर, म्हणजे वाचताना अडलेल्या बारीक तुकड्यांसमोर, शून्य होतं, कारण तो कोपरा कोणी वाचलाच नव्हता! आता दुसरी डिस्क तिथे अडखळली, बाहेर फेकली गेली आणि अख्खा अ‍ॅरे, म्हणजे चौघींचा संच, झोपला.

मग सल्ले. नाना म्हणाले, “उघडून स्पिरिटनं पूस रे, आम्ही कॅसेटचं हेड पुसायचो.” भाचा म्हणाला, “मामा, फ्रीजरमध्ये ठेव.” या हवेत फ्रीजरमधून काढलेल्या वस्तूला जो घाम फुटतो, त्यात डिस्क पोहली असती. शिवाय फ्रीजरमध्ये मासेबंदीच्या आधी भरून ठेवलेले बांगडे होते. ते हलवायची माझी काय टाप?

शेवटी आजारी डिस्क अ‍ॅरेत परत न घालता डीडीरेस्क्यू या बिघडलेल्या डिस्कची नक्कल काढणाऱ्या प्रोग्रॅमला दिली. हे गृहस्थ समंजस. आधी धड भाग नव्या डिस्कवर उतरवतात, अडलेल्या जागा सोडून पुढे जातात, मग मागे येऊन एकेक सेक्टर खरवडतात. कुठवर आलो ते नकाशा-फाइलीत टिपत राहतात, त्यामुळे वीज गेली तरी काम तिथूनच पुढे. रात्रभर डिस्क टक-टक करत होती आणि आई आतून “दार कोण वाजवतंय?” विचारत होती.

नक्कल घालून अ‍ॅरे जबरदस्तीनं उभा केला. सगळं आलं, फक्त एका नाटकात शकुनी झालेले नाना भर दरबारात गोठतात. ते तिथेच वाक्य विसरले होते, हे साऱ्या गावाला ठाऊक. नाना मात्र आता सांगत फिरतात, “मी कुठला विसरतोय? तो बॅड सेक्टर!”

परवा हळूच विचारत होते, “त्या दुसऱ्या नाटकातही एखादा निघतो का, बघशील?”