खुलासा: ‘केइ नान जाप जिंग’ हे कुठल्या आजाराचं नाव नाहीये

ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय की ‘केइ नान जाप जिंग’ नावाचा नवा चिनी आजार आलाय आणि त्यावर औषधच नाही. प्लीज पुढे पाठवू नका, हे साफ चुकीचंय.

तो कँटोनीजमधला, म्हणजे हाँगकाँग आणि ग्वांगडाँगकडच्या बोलीतला वाक्प्रचार आहे. ४ अक्षरं आहेत, केइ म्हणजे विचित्र, नान म्हणजे अवघड, जाप म्हणजे सटरफटर, मिसळीचं (किरकोळ मालाच्या दुकानाला ‘जाप फो’ म्हणतात त्यातलं जाप हेच, आणि मासिकाला ‘जाप जी’ म्हणतात त्यातलंही हेच), आणि जिंग म्हणजे व्याधी. थोडक्यात, निदानच होत नाही असली चमत्कारिक दुखणी. मँडरिनमध्ये ‘यी नान झा जंग’ म्हणतात, तिथे पहिल्या अक्षराचा अर्थ विचित्र नसून शंका असा आहे.

आणि असाध्य हा अर्थ तर मुळीच नाही, बरा न होणाऱ्या रोगाला कँटोनीजमध्ये ‘बात जी जी जिंग’ असा वेगळा शब्द आहे. उलट पारंपरिक वैद्य जाहिरातीत हेच शब्द लिहितात, म्हणजे बाकीच्यांनी हात टेकले असतील तर आमच्याकडे या असं.

शिवाय हे फक्त आजारांपुरतं नाहीये, कॉम्प्युटर उगाच बंद पडतोय, छत गळतंय पण पाणी कुठून येतं ते सापडत नाही, अशा चिवट भानगडींनाही लोक हेच म्हणतात. घरातल्या आजारी माणसानं तो मेसेज वाचला तर किती घाबरेल हो, ज्या ज्या ग्रुपवर टाकलाय तिथून आजच डिलीट करा.