ताशेवाल्याच्या कानांचं काय?

विसर्जन झालं की आमच्या घरच्या ग्रुपवर दरवर्षी तोच वाद पेटतो. डीजे बंद करा, ढोल-ताशा ही आपली परंपरा. लंडनमध्ये बसून मी तो वाचतो. दोन्ही बाजू बोलतात ते ऐकणाऱ्यांबद्दल: काचा हादरतात, आजारी माणसांचे हाल होतात. खरंच आहे ते. पण ज्याच्या कमरेला ताशा बांधलेला आहे त्याच्या कानांचं नाव कुणी काढत नाही.

माझी पुतणी पुण्यात ताशा वाजवते. गेल्या श्रावणात तिचा सराव बघायला नदीपात्रात गेलो होतो. सराव सुटल्यावर टपरीवर चहा पिताना ती माझ्या प्रत्येक वाक्याला "काय?" म्हणत होती. "कानात शिट्टी वाजतेय काका, सकाळपर्यंत जाते." कापसाचे बोळे खिशातच होते. ते घातले की तर्री, म्हणजे ताशाचा सलग कडकडाट, नीट कळत नाही म्हणे.

शिट्टी जाते, पण आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. आवाज ३ डेसिबलने वाढला की त्याची ऊर्जा दुप्पट होते. म्हणून ८५ डेसिबलचा आवाज कानाला आठ तास चालत असेल, तर १०० ला जेमतेम पंधरा मिनिटं. कानाला डीजे आणि ताशा यांतला फरक कळत नाही.

इथे लंडनमध्ये २०१२ साली रॉयल ऑपेरा हाउसमध्ये वाग्नर या संगीतकाराच्या ऑपेराच्या तालमीत ख्रिस गोल्डशायडर या व्हायोलावादकाच्या अगदी मागे ट्रम्पेटवाले बसले होते. त्याचे कान कायमचे बिघडले. मोठा आवाज हा आमच्या कलेचाच भाग आहे, असं ऑपेरा हाउसचं म्हणणं होतं. २०१८ मध्ये न्यायालयाने ते मान्य केलं नाही, अपिलातही निकाल वादकाच्याच बाजूने राहिला. परंपरेचं नाव पुढे करणाऱ्यांनी हा खटला जरूर वाचावा.

अर्थात तो खटला ज्या कायद्यावर उभा होता, तो नोकरीतल्या वादकांसाठी. आपली पथकं हौशी, तिथे मालकच नाही. लंडनमधल्या आमच्या ढोल-ताशा पथकालाही कुणी विचारायला येत नाही. मग आम्हीच ठरवलं: टिपरू हातात घेण्याआधी कानात इअरप्लग. संगीतकारांसाठीचे, फिल्टरवाले मिळतात. त्यांनी आवाज खाली येतो, पण सूर-ताल फारसा बिघडत नाही. सुरुवातीला सगळे कुरकुरले. आता विसरलेला स्वतःच रांगेतून बाहेर येऊन मागून घेतो.

पुण्यातली पथकं नोंदणीच्या वेळी कुर्त्याचे पैसे घेतातच. त्यातच इअरप्लगचे घ्यावेत, आणि ते कानात नसतील त्याला वाजवू देऊ नये. पुतणीला एक जोडी मी पाठवली आहे. तिच्या रांगेत अजून वीस ताशे आहेत.