अळ्यांची बडदास्त

फणस खायला चार माणसं पुरतात, पण उरलेल्या फणसाची वाट लावायला गोठा लागतो. गुहागरच्या आमच्या वाडीत मे महिन्यात माणसांना तोटा नसतो. गोठे मात्र रिकामे झाले. पूर्वी चारखंडं म्हशीपुढे टाकली की विषय संपायचा. आता परसात ढीग साचतो, त्यावर बांगड्याची डोकी आणि त्याहीवर चाकरमान्यांचे सल्ले. त्यातल्याच एका भाच्याने ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या अळ्या पाळायचं खूळ माझ्या डोक्यात भरवलं. "मामा, कचरा अळ्या खातात. आपण नुसतं बघत बसायचं." या कामाला मी कधीच नाही म्हणत नाही.

आत्या मात्र कडाडली, "मेल्या, जन्मभर तांदळातले किडे वेचले मी, आता तू पाळणार होय?" मी समजावलं, ही घरमाशी नव्हे. मोठेपणी ही ताटावर येऊन बसत नाही. अळी असताना साठवलेल्या चरबीवर चार दिवस काढते, 500च्या आसपास अंडी घालते आणि आटोपते. "म्हणजे खादाडपणा फक्त लहानपणी," आत्या म्हणाली आणि उगाचच माझ्या पोटाकडे बघितलं.

अंडीसुद्धा कचऱ्यात नाही, जवळच्या कोरड्या फटीत घालणार. त्यासाठी कचऱ्याच्या पिंपात पुठ्ठे टांगले. सुईच्या टोकाएवढ्या अळ्या दोनेक आठवड्यांत बोटाच्या पेराएवढ्या झाल्या. झाकण उघडलं की उजेड टाळायला सगळ्या एकदम खाली बुडी मारतात. वर हात धरला तर ऊब लागते आणि कान दिला तर झावळीवर पाऊस पडल्यासारखी सळसळ ऐकू येते. रात्री टाकलेल्या बांगड्याच्या डोक्याचा सकाळी काटा तेवढा उरतो. कोलंबीची सालं आणि नारळाच्या शेंड्या मात्र तशाच ठेवतात. आवडीनिवडी आहेत.

अळी पुरती वाढली की काळपट पडते, खाणं सोडते आणि कोरडी, अंधारी जागा शोधत निघते. म्हणून पिंपाला तिरका पाइप लावायचा. त्यातून त्या आपणहून चढतात, पलीकडच्या बादलीत पडतात, कोंबड्यांचा खुराक तयार. शास्त्र उत्तम आहे. पण मृग लागल्यावर कोकणात कोरडी, अंधारी जागा एकच उरते, ती म्हणजे आत्याची खोली. त्यात अंग ओलं असलं की या बायांना पाइपची गरजच नाही, प्लास्टिकच्या सरळ भिंतीवरूनही चढतात. पहाटे वळकटी झटकताना आत्याने हाक मारली, "तुझी मंडळी आलीत. घेऊन जा!"

कोंबड्यांना हा प्रकार माझ्याआधी कळला. उजाडायच्या आत त्या बादलीपाशी हजर. शेजारच्या काकांच्याही येऊ लागल्या आणि अंडीही आमच्याच लाकडांच्या ढिगात घालू लागल्या. काका बोलणं टाकून आहेत. आत्या मात्र त्या दिवसापासून अळ्यांबद्दल वावगं बोललेली नाही.

खाली उरलेलं काळं, भुसभुशीत खत मुरवून पोफळींना घातलं. ते काम सोपं होतं. खरी पंचाईत चाकरमानी मुंबईला गेल्यावर झाली. घरात दोन माणसं, तीही मोजकं जेवणारी. पिंपातलं खाणारं कुटुंब मात्र हजारांत. आता मी पिशवी घेऊन वाडीत साली मागत फिरतो. लोक देतात, पण "सगळं ठीक ना घरी?" असं विचारून देतात.

परवा भूक लागली म्हणून सवयीने शिंकाळ्यावरचा शिळा भात काढला, कांदा चिरायला घेतला. आत्याने पातेलं हातातून काढून घेतलं.

"तो राहू दे. त्यांना कालपासून काही नाही."