लसीमुळे पाळणे रिकामे झाले काय?

तासगावला दिलेल्या माझ्या भाचीने तान्ह्या मुलाचा अडीच महिन्यांचा डोस चुकवला आणि आशाताईंना दारातूनच परत लावले. कारण विचारल्यावर तिने सासरच्या ग्रुपवर आलेला संदेश मला पाठवला. कारखाने येण्यापूर्वी माणसे शंभर वर्षे जगत व घरोघरी दहा-बारा मुले असत. लसी आणि मुलींचे शिक्षण यांनी जन्मदर पाडला. दहा वर्षांत आपली लोकसंख्या निम्मी होणार, असा त्याचा सारांश आहे. असल्या मजकुराकडे एरवी दुर्लक्ष करता येते, परंतु त्यापायी एका मुलाची लस थांबली असल्याने उत्तर देणे भाग आहे.

काही घरांत दहा-बारा मुले होत असत हे खरे. त्यांतली वाढत किती, हे संदेशात नाही. १९११ ते १९२१ या दशकात हिंदुस्थानचा जन्मदर हजारी सुमारे ४८ आणि मृत्युदरही जवळपास तेवढाच होता, आणि १९१८ च्या मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या, साथीनंतर १९२१ च्या जनगणनेत लोकसंख्या चक्क घटलेली निघाली. सातारा-सांगलीकडच्या जुन्या घरांत दगडू, धोंडू, केरू ही नावे सापडतात; पाठोपाठ मुले दगावल्यावर पुढचे तरी काळाच्या नजरेत भरू नये म्हणून ती ठेवली जात. संदेश लिहिणाऱ्याने स्वतःच्या घरातल्या एखाद्या धोंडूआजोबांची चौकशी केली असती, तरी शंभर वर्षांची भाषा त्याच्या तोंडी आली नसती.

कारखान्यांनी माणसे मारली, यात मात्र अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. इंग्लंडमधील मजुरांच्या आरोग्यस्थितीवरच्या एडविन चॅडविक यांच्या १८४२ च्या अहवालानुसार मँचेस्टरच्या मजूर कुटुंबांत मृत्यूसमयीचे सरासरी वय १७ होते, तर रटलंडच्या ग्रामीण भागात ३८. दोष दाटीवाटीचा, तुंबलेल्या गटारांचा आणि घाण पाण्याचा होता; पुढे स्वच्छ पाणी व सांडपाण्याची सोय झाली तसे त्याच शहरांतले मृत्यू उतरले.

आता लसीचा मुद्दा, ज्याने खरी हानी केली. लसीने वंध्यत्व येत असते तर जिथे लसीकरण सारखे तिथे जन्मही सारखे दिसले असते. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्र आणि बिहार या दोन्ही राज्यांत पूर्ण लसीकरण झालेली बालके ७० टक्क्यांहून अधिक आहेत. मात्र एका स्त्रीला सरासरी होणारी मुले महाराष्ट्रात १.७ आणि बिहारमध्ये ३.० आहेत. तीच लस, तेच डोस, मग बिहारमध्ये ती काम विसरते काय? फ्रान्समध्ये तर जन्मदर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातच उतरू लागला होता, आणि जेन्नर यांची देवीची लस १७९६ ची आहे. लसीचा आणि कमी मुलांचा संबंध आहे, पण तो वेगळा: झालेले मूल जगते अशी खात्री पटली की जोडपे दोनावर थांबते आणि बाई ऑपरेशन करून घेते. ही खात्री पटायला एक-दोन पिढ्या लागतात, म्हणून आधी मृत्युदर उतरतो, मागाहून जन्मदर, आणि मधल्या काळात लोकसंख्या फुगते. १९५१ चे ३६ कोटी २०११ मध्ये १२१ कोटी झाले ते याच मधल्या काळात.

शिकलेल्या मुलींना कमी मुले होतात, हे त्याच सर्वेक्षणात दिसते: शाळेत न गेलेल्या स्त्रियांत २.८, बारावी किंवा पुढे शिकलेल्यांत १.८. यात रोग कुठे आहे? २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे ज्या सांगली जिल्ह्यात ८६७ मुली उरल्या होत्या, तिथे बसून मुलींच्या शिक्षणाला दोष देणाऱ्यांना जन्मदराची काळजी आहे, यावर माझा विश्वास नाही.

दहा वर्षांत लोकसंख्या निम्मी होणे हे साध्या गणितातही बसत नाही. मागच्या पिढीत जन्मलेल्या तरुणांची संख्याच एवढी मोठी आहे की प्रत्येक जोडप्याला दोनच मुले झाली तरी देशाची लोकसंख्या आणखी काही दशके वाढतच राहील.